चौक लिहिणारा माणूस

वारली बायका चित्र काढत नाहीत, चित्र लिहितात. लग्नघरात सुवासिनी भिंतीपाशी बसल्या की चौक ‘लिहायला’ घेतला असंच म्हणतात. मी आयुष्यभर कवितेच्या नादानं कागद काळे केले, त्यामुळे या एका क्रियापदापाशी मी थबकलो. आमच्या घरी भिंतीवर सुंदर अक्षरांची चौकट टांगलेली असे. तिच्याकडे बोट दाखवून वडील म्हणत, “कुणी लिहिलीय बघ!” ती अक्षरंही चित्रासारखीच होती, पण ती काढलेली नव्हती, लिहिलेली होती. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या पाटी-पेन्सिल मिळाली नाही, सावकाराच्या वहीत काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नव्हतं आणि त्यामुळेच जो नागवला गेला, त्या समाजानं ‘लिहिणं’ हा शब्द मात्र आपल्या भिंतीसाठी राखून ठेवला होता.

आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते जिव्या सोमा म्हसे असेच लिहिणारे होते. त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं पॅरिसला गेली, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. मला त्यांच्याकडे पाहायचंय ते हातानं काम करून पोट भरणारा एक कष्टकरी कारागीर म्हणून. त्यांचा जन्म १९३४चा आणि मृत्यू १५ मे २०१८चा. चौऱ्याऐंशी वर्षांचं हे आयुष्य डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या मातीत गेलं. आणि या दोन तालुक्यांचा विसाव्या शतकातला इतिहास जणू त्या एका आयुष्याच्या बाजूबाजूनं चालत आला.

त्यांचं जन्मगाव धामणगाव, तलासरी तालुक्यातलं. ते जन्मले तेव्हा ‘तलासरी तालुका’ नावाची गोष्टच नव्हती. तो मुलूख तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव भागात मोडत होता. १९६०मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचं तलासरी झालं. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. म्हणजे माणूस त्याच टापूत राहिला आणि सरकारदरबारी त्याचा पत्ता मात्र बदलत गेला. पत्ता बदलला तरी जमिनीचा मालक बदलेलच असं नाही, हे इथल्या आदिवासीला वेगळं सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात जंगलावर सरकारचा ताबा आला आणि बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांच्या हातात जमिनी गेल्या. ज्यांनी त्या जमिनी कसल्या होत्या तेच तिथे कूळ आणि मजूर झाले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीचा अहवाल सरकारला दिला. पुढे के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे पुस्तक १९४५मध्ये आलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तर मराठी वाचकाला ठाऊकच आहे. त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या सगळ्या लिखाणातून एक शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो. तो शब्द म्हणजे लग्नगडी.

लग्नगडी म्हणजे काय? वारली तरुणाला लग्न करायचं असलं की दारू, धान्य, कपडालत्ता यांसाठी चार पैसे लागत. ते सावकाराकडून घ्यायचे. फेडायला हातात पैसा नाही, म्हणून अंगमेहनतीनं फेडायचे. नवरा सावकाराच्या शेतावर राबायचा आणि बायकोही राबायची. हिशेब सावकाराच्या वहीत आणि ती वही वाचता येणारा माणूस पाड्यावर एकही नाही. वर्षामागून वर्षं जात आणि कर्ज तिथेच राही. त्याशिवाय वेठ होतीच. मालकानं बोलावलं की आपलं काम टाकून फुकट राबायला जायचं, हा रिवाज होता.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. कारण वारली चित्राचा जन्मही लग्नातलाच. लग्नाच्या वेळी घरातल्या आतल्या भिंतीला शेण-माती सारवायची, वरून गेरूचा हात द्यायचा. तांदूळ भिजवून, वाटून त्याचं पांढरं पाणी करायचं. बांबूची किंवा कसली तरी बारीक काडी घेऊन तिचं टोक चावून मऊ करायचं, की झाला कुंचला. मग सुवासिनी चौक लिहितात. चौकोनी चौकट, तिच्या कडांना नक्षीच्या ओळी आणि आत पालघट देवी, सर्जनाची देवता. तिच्या शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. भोवती झाडं, जनावरं, चंद्र-सूर्य, नाचणारी माणसं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. ब्राह्मण नाही, पोथी नाही. धर्माचं सगळं कामकाज बायकांच्या हाती आणि त्याची नोंद भिंतीवर.

म्हणजे पाहा, एकाच लग्नाची नोंद दोन ठिकाणी होत होती. बायकोच्या हातानं तांदळाच्या पांढऱ्या पाण्यानं घराच्या भिंतीवर, आणि सावकाराच्या हातानं काळ्या शाईनं त्याच्या वहीत. भिंतीवरची नोंद पुढच्या सारवणात पुसून जाई. वहीतली मात्र पुसली जात नसे. वारली चित्रांचं कौतुक करताना आपण या दुसऱ्या नोंदीची आठवण ठेवत नाही, म्हणून ती चित्रं आपल्याला नुसतीच सुंदर आणि आनंदी वाटतात. मला ती तशी वाटत नाहीत. इतकं ओझं खांद्यावर असताना भिंतीवर नाचणारी माणसं लिहायची, यासाठी छातीत दम लागतो.

ही वही फाडण्याचं काम १९४५मध्ये सुरू झालं. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे काही वारली गेले आणि परत येऊन त्यांनी पाड्यापाड्यांवर निरोप दिला. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचं नाही, असं ठरलं. मग पावसाळा सरताच गवताच्या कापणीचा प्रश्न आला. डहाणू-उंबरगावचं गवत म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मुंबईच्या तबेल्यांना हे गवत लागत होतं. गाठी बांधून ते रेल्वेनं जाई आणि व्यापारी त्यावर गबर होत. कापणाऱ्याच्या हाती मात्र काही पडत नसे. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये द्या, एवढीच मागणी होती. संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. तरी संप मोडला नाही. वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी त्या लढ्यानं संपवल्या.

जिव्या तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्याच वयात धामणगाव सोडून ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं. लहानपणी घरच्या आघातानं त्यांचं बोलणं बंद झालं होतं, असं त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. मुलगा कुणाशी बोलत नसे, धुळीत बोटानं चित्रं काढी आणि त्यातून आपलं म्हणणं सांगे. शब्द गेल्यावर रेघ हाती आली. मोठेपणीही ते मितभाषीच राहिले. तरुणपणी त्यांनी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी केली. त्या काळात त्या भागात भूमिहीन माणसाला दुसरा रस्ता नव्हता. पावसाळ्यात भाताची लावणी, मग गवत, मग कापणी, मग झोडणी आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम.

आणि याच्या जोडीला चित्रं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चौक लिहिणं हे बायकांचं काम. लग्नाशिवाय, विधीशिवाय, एका पुरुषानं उठून रोज चित्र लिहीत बसणं हे रीतीत बसणारं नव्हतं. जिव्या मात्र ते करत राहिले. यात बंड करण्याचा आव होता असं मला वाटत नाही. ज्याचं बोलणंच चित्रातून होतं त्याला बोलण्यासाठी लग्नसराईची वाट पाहता येत नाही, इतकी ती साधी गोष्ट असावी.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. हा माणूस स्वतः चित्रकार. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. दुष्काळी कामावर बायकांना खडी फोडायला लावण्याऐवजी त्यांच्या हातात कागद द्यावा, भिंतीवरची चित्रं त्यांनी कागदावर काढावीत आणि ती विकून घरात दाणा यावा, अशी ती कल्पना होती. मधुबनीची चित्रं आज जगभर गेली त्याचं मूळ तिथे आहे. तीच कल्पना घेऊन कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरले. त्यांना गंजाडला हा न बोलणारा शेतमजूर भेटला. त्याचा हात त्यांनी ओळखला.

भिंतीवरून कागदावर येणं ऐकायला सोपं वाटतं. कारागिराच्या दृष्टीनं पाहिलं तर ती फार मोठी उडी आहे. भिंतीला शेण-मातीचा खडबडीत पोत असतो, ती पाणी शोषते. कागदाचं तसं नसतं, तिथे रंगात गोंद घालावा लागतो. जिव्या कापडालाही शेणाचा किंवा गेरूचा हात देत आणि त्या जमिनीवर पांढऱ्यानं लिहीत. म्हणजे भिंतच गुंडाळून बरोबर नेता येईल अशी त्यांनी करून घेतली. दुसरी अडचण चौकटीची. चौकातल्या आकृतींच्या जागा रीतीनं ठरलेल्या असतात. कोऱ्या कागदावर रीत नसते. तिथे काय लिहायचं ते लिहिणाऱ्यानंच ठरवायचं.

जिव्यांनी जे लिहिलं ते त्यांच्या रोजच्या कामाचं जग होतं. लावणी, कापणी, खळं, शिकार, तारप्याच्या भोवती वळत जाणारा नाच, मुंग्यांचं वारूळ, कणसरीची कथा, आणि मासे धरायचं जाळं. जाळ्याचं त्यांचं चित्र फार नावाजलं गेलं. सगळ्या कागदभर बारीक पांढऱ्या रेघांची वीण, हजारो गाठी, आणि त्यात कुठेतरी लहानशी माणसं, लहानसे मासे. चित्राकडे पाहताना प्रथम डोळे गरगरतात. मग ध्यानात येतं की एकही रेघ उगाच ओढलेली नाही. एवढ्या गाठी मारायला खऱ्या जाळ्याला जेवढी चिकाटी लागते तेवढीच इथेही लागली असणार. याला मी कष्ट म्हणतो. माणसाची आकृती म्हणाल तर दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. वर एक गोल आणि चार काड्या. पण त्या दोन त्रिकोणांचा तोल जरा इकडेतिकडे केला की माणूस वाकतो, धावतो, ओझं उचलतो, नाचतो. सगळं काही हलत असतं, रात्रंदिवस, आणि हे हलणं म्हणजेच जगणं, अशा अर्थाचं ते स्वतः सांगत. ओझी वाहिलेल्या माणसालाच ओझं उचलणाऱ्याच्या कमरेचा बाक एवढा नेमका कळतो.

१९७५मध्ये मुंबईत जहांगीरमधल्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जगभरच्या कलावंतांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात जिव्या होते. २००२मध्ये भारत सरकारनं त्यांना ‘शिल्पगुरू’ केलं. २००३मध्ये रिचर्ड लाँग या नामवंत ब्रिटिश कलावंताच्या जोडीनं त्यांचं प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११मध्ये पद्मश्री. ही यादी मी भराभर सांगून टाकली, कारण ती कुठेही वाचायला मिळते.

या यादीच्या शेजारी एक दुसरी गोष्ट ठेवायला हवी. १९७६च्या राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी त्यांना जमीन देण्याचं आश्वासन मिळालं होतं. ते पुरं व्हायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. विचार करा, या काळात त्यांची चित्रं समुद्र ओलांडून गेली, परदेशी संग्रहालयांच्या भिंतींवर लागली, आणि लावणीची इतकी चित्रं लिहिणारा माणूस स्वतःच्या लावणीपुरत्या तुकड्याची वाट पाहत राहिला. कारागिराचा सन्मान करणं आपल्याला चांगलं जमतं. शाल, श्रीफळ, ताम्रपट यात आपण कसूर करत नाही. सात-बाऱ्याचा विषय निघाला की मात्र आपले हात जड होतात. डहाणू-तलासरीच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाचं सार या एका गोष्टीत आलंय.

जिव्यांनी एक मोठं काम केलं, त्याची नोंद पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. त्यांनी चित्राचा धंदा उभा केला. ‘धंदा’ हा शब्द मी चांगल्या अर्थानं वापरतोय. सुताराचा, लोहाराचा असतो तसा धंदा, ज्यात हाताला काम असतं आणि कामाला दाम असतो. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू चित्रकार झाले. गंजाड आणि आसपासच्या पाड्यांवर तरुण मुलं-मुली चित्रं लिहू लागली. गवत कापायला, वीटभट्टीवर किंवा मासेमारीच्या बोटीवर मजुरीला जाण्याखेरीज घरात बसून चार पैसे मिळवण्याचा एक रस्ता त्यांच्यापुढे आला. ज्या पाड्यांवर दोन पिढ्यांपूर्वी बापाला अंगठा उठवावा लागत होता, तिथली मुलं आता चित्राखाली स्वतःचं नाव लिहितात. मला वाटतं, शिक्षणाची ही फार मोठी पायरी आहे.

धंदा म्हटला की त्याचे प्रश्नही आले. आज वारली चित्र कुठे नाही? साडीवर आहे, कपांवर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, शहरातल्या उड्डाणपुलांच्या खांबांवर आहे. ते लिहिणारे हात दर वेळी वारल्यांचेच असतात असं नाही. छपाईच्या यंत्राला तर हातच लागत नाहीत. याला आळा बसावा म्हणून आदिवासी तरुणांनी खटपट केली आणि २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. कायद्यानं आता हे नाव या लोकांचं आहे. पण नावाची मालकी कागदावर आली म्हणून दाम आपोआप घरी येत नाही. पूर्वी गवताच्या गाठीचा भाव मुंबईत ठरत असे आणि कापणाऱ्याला तो कळतही नसे. आज चित्राचा भाव कुठे ठरतो आणि पाड्यावर त्यातलं किती पोचतं, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. या चित्रांत जे जग आहे ते उरेल का? डहाणू तालुका १९९१मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक प्रदेश म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण आलं. त्याच डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि बुलेट ट्रेनचा मार्गही या जिल्ह्यातून जातो. विकासाला माझा विरोध नाही. इथल्या पोरांनाही नोकऱ्या हव्यात, दवाखाने हवेत. पण किनाऱ्याच्या कोळ्यांनी आणि पाड्यावरच्या आदिवासींनी जे आक्षेप घेतले, त्यांच्यामागे हाच जुना अनुभव आहे की आधी वही उघडली जाते आणि हिशेब मागाहून कळतो. जाळं फक्त चित्रात राहिलं आणि खाडीत राहिलं नाही, तर त्या चित्राचा अर्थ पुढच्या मुलांना कोण सांगणार?

१५ मे २०१८ रोजी जिव्या गेले. शेवटपर्यंत ते गंजाडच्याच मातीत राहिले. जग हिंडून आलेल्या माणसाला मुंबईत घर करणं अशक्य नव्हतं. पण जो माणूस शेणानं सारवलेल्या जमिनीवर लिहितो, त्याला त्या जमिनीपासून लांब जाऊन काय लिहिता येणार?

आम्ही कवी लोक शब्दांवर फार भरवसा ठेवतो. आमची समजूत अशी की जे शब्दात आलं तेच टिकलं. लहानपणी ज्याचे शब्द हरवले त्या माणसानं सत्तर वर्षं, काडी चावून केलेल्या कुंचल्यानं, दोन त्रिकोण आणि एका गोलाच्या बळावर आपल्या लोकांचं सगळं जगणं लिहून ठेवलं. लावणी कशी होती, खळं कसं होतं, नाचताना माणसं हातात हात कशी गुंफत, जाळ्याला किती गाठी होत्या. सावकारांच्या त्या वह्या आता कुणी उघडत नाही. भिंतीवरचं मात्र अजून वाचलं जातंय. म्हणून पुढच्या वेळी तुम्ही वारली चित्र विकत घ्याल तेव्हा कोपऱ्यात खाली बघा. तिथे कुणाचं नाव आहे का, आणि त्या नावाच्या माणसापर्यंत तुमचे पैसे पोचणार आहेत का, एवढं विचारा. म्हसेबाबांच्या आयुष्यभराच्या कष्टांचं तेवढं देणं आपण लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)